माणूस वाचला की कागद होत नाही

मा. संपादक,
स. न.

पावसाळ्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर दर आठ-दहा दिवसांनी एक बातमी हमखास येते. ओढ्याच्या पुरात वाहून चाललेल्या दुचाकीस्वाराला कोणीतरी ओढून काढलेले असते, विहिरीत पडलेल्या पोराला शेजारणीने वर घेतलेले असते. दोन दिवसांनी सत्काराचा फोटो येतो. शाल, श्रीफळ, गुच्छ, आणि दोन्ही बाजूंना इतके पाहुणे की सत्कारमूर्ती शोधावी लागते. तिथे विषय संपतो. सत्काराला माझी हरकत नाही, तो व्हायलाच हवा. पण तिथे जमलेल्या तीस-चाळीस जणांपैकी एकालाही ‘पदकाचा प्रस्ताव कोण करतोय?’ असे विचारावेसे वाटत नाही.

बुडणे, आग, अपघात, विजेचा धक्का, दरड, खाणीतली दुर्घटना, जनावराचा हल्ला अशा प्रसंगी दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्याला केंद्र सरकार जीवन रक्षा पदक देते. १९६१ साली सुरू झालेल्या या पदकाच्या तीन पायऱ्या आहेत. वाचवणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाला अतिशय मोठा धोका होता, तर सर्वोत्तम जीवन रक्षा पदक. मोठा धोका होता, तर उत्तम जीवन रक्षा पदक. गंभीर शारीरिक इजेचा धोका होता, तर जीवन रक्षा पदक. रक्कम अनुक्रमे दोन लाख, दीड लाख आणि एक लाख रुपये. बाई असो, बाप्या असो, शेतमजूर असो की शाळकरी पोर, कोणालाही मिळू शकते, मरणोत्तरही मिळते. सैन्य, पोलीस आणि अग्निशमन दलातल्यांनी कर्तव्यावर असताना केलेले काम तेवढे वगळलेले आहे. यादी प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी जाहीर होते. २०२३ च्या यादीत अख्ख्या देशातून ३१ नावे होती, २०२४ च्या यादीत ४९. एवढ्या मोठ्या देशात वर्षभरात इतक्याच माणसांनी जीव धोक्यात घातला, यावर कोण विश्वास ठेवील? पदकाच्या निवड समितीने नाकारलेल्यांपेक्षा समितीपुढे कधी गेलेच नाहीत अशांची संख्या कितीतरी मोठी असणार.

त्याचे कारण कचेरीतल्या माणसाला चटकन कळते. माणूस बुडून मेला तर पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, घटनास्थळाचा पंचनामा होतो, साक्षीदारांचे जबाब होतात, शवविच्छेदनाचा अहवाल येतो. कायदाच तसे करायला लावतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ आहे. पण तोच माणूस वाचला, तर गुन्हा नाही, मृत्यू नाही, म्हणून नोंदही नाही. तो ओल्या कपड्यांनिशी घरी जातो, वाचवणारा आपल्या घरी जातो आणि सरकारच्या दप्तरी काहीच घडलेले नसते. सहा महिन्यांनी कोणाला पदकाची आठवण झाली की मग कागदांची शोधाशोध सुरू होते. तोवर पाणी ओसरलेले, साक्षीदार पांगलेले, सीसीटीव्हीवर नवे चित्रण चढलेले.

म्हणून पहिला आठवडा महत्त्वाचा. त्यात काय करावे ते सविस्तर लिहितो, कारण हे कुठे एकत्र छापलेले सापडत नाही.

सगळ्यात आधी घटना कुठेतरी नोंदली गेली पाहिजे. पोलीस ठाण्यात साधा लेखी अर्ज द्यावा, स्टेशन डायरीला नोंद घ्यायला सांगावे, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नये. तक्रार नसल्यामुळे ठाणे अंमलदार कधीकधी ‘याची नोंद कशाला?’ म्हणतो. तेव्हा जीवन रक्षा पदकाच्या प्रस्तावासाठी हवी, असे अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहावे. गावात पोलीस पाटील असेल तर त्यांचा अहवाल वेगळा घ्यावा. तो तहसीलदारांकडेही जातो, त्यामुळे महसूलच्या बाजूने फाइल सुरू व्हायला आधार मिळतो. तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) स्थळाचा पंचनामा करून घ्यावा. ११२ किंवा १०८ वर फोन झाला असेल, तर तो कोणत्या नंबरवरून आणि किती वाजता झाला हे लिहून ठेवावे, फोनमधल्या यादीचा स्क्रीनशॉट घ्यावा. वेळेचा इतका पक्का पुरावा दुसरा नाही.

मग धोका मोजावा. ‘पाणी खूप होते, प्रवाह वेगाचा होता’ या वाक्याला प्रस्तावात काडीची किंमत नाही. पदकाची पायरीच मुळी धोक्याच्या प्रमाणावर ठरते, आणि वरच्या टेबलावर बसलेल्याने तुमचा ओढा पाहिलेला नसतो. नदीकाठी असाल तर लाकडाचा तुकडा टाकून तो दहा मीटर अंतर किती सेकंदांत कापतो ते पाहावे. पाच सेकंदांत कापला तर वेग सेकंदाला दोन मीटर, आणि अशा पाण्यात चांगला पोहणाराही प्रवाहाविरुद्ध टिकत नाही. अर्थात हे घटनेच्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी, काठावर उभे राहूनच करायचे. पाणी उतरले असेल तर झाडांच्या बुंध्यांवर आणि पुलाच्या खांबांवर काडीकचऱ्याची रेघ राहते, तिथून टेपने खोली घ्यावी. शिवाय पाटबंधारे खात्याची त्या दिवसाची पाणीपातळी आणि धरणाचा विसर्ग जोडावा. सांगलीच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची ३९ आणि ४३. घटनेच्या तासाला पातळी किती होती, हा आकडा सरकारीच असतो आणि त्यावर कोणी शंका घेत नाही. विहीर असेल तर व्यास, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर, पाण्याची खोली, पायऱ्या आहेत की नाहीत, मोटारीचे पाइप किंवा दोर होता का, हे सगळे लिहावे. आग असेल तर खोलीचे माप, दरवाजे किती, सिलिंडर होता का, आत किती वेळा जावे लागले, ते लिहावे. वाचवणाऱ्याला पोहता येत होते की नाही, हेही खरे लिहावे. पोहता येत नसताना उडी मारली तर धोका मोठा ठरतो हे कळल्यावर काही हुशार मंडळी पट्टीच्या पोहणाऱ्याला न पोहणारा करून टाकतात. एका जबाबात ‘लहानपणापासून नदीत पोहतो’ असे निघाले की सगळी फाइल संशयात जाते.

जबाब हा प्रस्तावाचा कणा. वाचलेल्या माणसाचा जबाब सर्वांत आधी घ्यावा, कारण तोच नंतर सगळ्यात जास्त टाळाटाळ करतो. दारू प्यायला होता, घरी भांडून गेला होता, बंदी असलेल्या पुलावरून गाडी घातली होती, असे काहीतरी मागे असते, आणि महिन्याभराने त्याला तो विषयच नकोसा होतो. त्याने पाण्यात का गेला हे सांगायची गरज नाही. कुठे अडकलो, कोण आले, कसे धरले, कसे बाहेर काढले, एवढे पुरे. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे किमान दोन-तीन जबाब हवेत, नातेवाइकांचे नकोत. प्रत्येकाने आपल्या जागेवरून जे दिसले तेवढेच सांगावे. पुलावर उभा असलेल्याला उडी दिसेल, पाण्याखाली काय झाले ते दिसणार नाही, आणि त्याने तसेच म्हणावे. सर्वांत घातक प्रकार म्हणजे एकाच कॉम्प्युटरवर एकच मजकूर टाइप करून खाली वेगवेगळ्या सह्या घेणे. पाच जबाबांत स्वल्पविराम सुद्धा त्याच जागी असेल, तर तो एकच जबाब धरला जातो, आणि तोही कमकुवत. ग्रामसभेचा ठराव जरूर जोडावा, पण ठराव म्हणजे साक्ष नव्हे.

दवाखान्याचे कागद दोघांचेही हवेत. वाचलेल्याचा केसपेपर बहुधा असतो. वाचवणारा मात्र ‘मला काय झालंय’ म्हणून जात नाही. त्याला ओढून न्यावे, आणि ते फक्त पदकासाठी नव्हे. नाकातोंडात पाणी गेलेल्या माणसाला काही तासांनी धाप लागू शकते, त्यामुळे पहिला दिवस लक्ष ठेवावे लागते. पत्रा, तार, काच लागलेली असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन लागते. पुराच्या घाण पाण्यात उतरलेल्याला लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पाण्यात पसरणाऱ्या तापाची) भीती असते, त्यावरची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने ७२ तासांच्या आत घेतलेली बरी. खरचटले, खांदा निखळला, हात भाजला, याची नोंद त्याच दिवशीच्या केसपेपरवर असेल तर इजा सिद्ध होते. पंधरा दिवसांनी आणलेल्या दाखल्यावर ‘इतके दिवस काय केले?’ हा शेरा पडतोच.

चित्रण असेल तर मूळ फाइल, ज्या मोबाइलवर घेतली त्यातून, केबलने किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या क्लिपचा दर्जा उतरतो, तारीख-वेळेची माहितीही निघून जाते. दुकानाचे, टोलनाक्याचे, स्थानकाचे सीसीटीव्ही असेल तर तिथे त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा, कारण बऱ्याच ठिकाणी पंधरा ते तीस दिवसांत जुने चित्रण पुसले जाते. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्थानकात पॉइंट्समन मयूर शेळके यांनी समोरून गाडी येत असताना रुळावर पडलेल्या मुलाला उचलून फलाटावर ढकलले आणि स्वतः शेवटच्या क्षणी वर चढले. ते सेकंदांचे अंतर कोणत्याही जबाबात मावले नसते. कॅमेरा होता म्हणून देशाने ते पाहिले. ओढ्यावर कॅमेरा नसतो, म्हणून तिथे टेप आणि घड्याळ लागते.

आता नावांचा घोळ. पाण्यात उतरलेले दोघे असतात, दोर धरणारे तिघे, आणि प्रस्तावात नावे नऊ. सरपंचांचा पुतण्या, मंडळाचा अध्यक्ष, ज्याच्या गाडीतून दवाखान्यात नेले तो गाडीमालक. सगळ्यांनी काही ना काही केलेले असते हे खरे, पण पदक गावाला मिळत नाही, माणसाला मिळते. प्रत्येक नावापुढे त्याने नेमके काय केले आणि त्याला स्वतःला काय धोका होता हे वेगळे लिहिता आले पाहिजे. ज्याच्यापुढे ते लिहिता येत नाही त्याचे नाव काढावे. वाईटपणा येतो, पण नऊ नावांच्या प्रस्तावात खरे दोघे बुडतात. उलट बाजूही आहे. नदीवर धुणे धुणारी बाई, वीटभट्टीवरचा कामगार, ऊसतोडीच्या टोळीतला पोरगा यांची नावे मुळातच येत नाहीत. बातमीत ते ‘एका महिलेने’ किंवा ‘एका मजुराने’ एवढेच उरतात. गाळप हंगाम संपला की टोळी आपल्या गावी परतते. तेव्हा पूर्ण नाव (आधारवर आहे तसे, गावात हाक मारतात ते नव्हे), मूळ गाव-तालुका, मुकादमाचा फोन, घरातल्या एखाद्याचा फोन आणि बँक खाते पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे.

हे सगळे जोडून सात-आठ ओळींचा घटनाक्रम वर लावावा आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावे. जिल्ह्याच्या शिफारशीने प्रस्ताव मंत्रालयात आणि राज्याच्या शिफारशीने केंद्रीय गृह मंत्रालयात जातो. केंद्राच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर या पदकाची माहिती आहे. घटनेनंतर दोन वर्षांच्या आत सगळे व्हायला हवे. दोन वर्षे पुष्कळ वाटतात, पण एक त्रुटी निघाली की कागद मंत्रालयातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून तालुक्यात, तालुक्यातून गावात आणि तसाच उलटा जातो, त्यात चार-सहा महिने सहज जातात. दर महिन्याला जावक क्रमांक सांगून चौकशी करणारा एक माणूस गावाने नेमावा, आणि शक्यतो तो वाचवणारा स्वतः नसावा. आपल्याच पदकासाठी कचेरीचे उंबरे झिजवायला स्वाभिमानी माणूस येत नाही, दोन खेपांत सोडून देतो.

वाचवणारा त्यातच गेला तर घराला दुहेरी मार असतो. पदक मरणोत्तर मिळते, हे वर आलेच. शिवाय पूर किंवा अशा अधिसूचित आपत्तीत बचावकाम करताना मृत्यू झाला, तर आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांप्रमाणे वारसांना चार लाखांचे साहाय्य मिळू शकते. त्यासाठी मृत्यूच्या कारणाचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. पंचनाम्यात ‘पाण्यात पडून मृत्यू’ असे लिहिले गेले आणि ‘दुसऱ्याला वाचवताना’ हे शब्द राहिले, तर दोन्ही ठिकाणी अडते. पंचांनी सही करण्याआधी तेवढे वाक्य वाचून घ्यावे.

इथे एका गोष्टीवर माझे सरकारी निकषांशी मुळातून पटत नाही. पदक धोक्याला मिळते, अकलेला मिळत नाही. काठावरून दोर, ट्यूब किंवा बूच लावलेला रिकामा पाण्याचा कॅन फेकून ज्याने माणूस काढला, त्याने जीव वाचवला आणि स्वतःचाही धोक्यात घातला नाही. बचावाचे शास्त्र हेच सांगते. आधी हाक मारा, मग काठी किंवा कापड पुढे करा, मग तरंगणारे काही फेका, आणि पाण्यात उतरणे शेवटी. बुडणारा मिठी मारतो आणि दोघे जातात, हे नदीकाठच्या प्रत्येकाला माहीत आहे. विहिरीत गाळ काढायला उतरलेला बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि त्यांच्यासाठी तिसरा. खाली प्राणवायू कमी असतो किंवा विषारी वायू साचलेला असतो, तिथे धाडस काही कामाचे नाही. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू कमी आहे हे सांगते, विषारी वायू आहे की नाही ते सांगत नाही. तुटलेल्या तारेला चिकटलेल्याला हात लावणाऱ्याचेही तसेच. घरगुती वीज असेल तर मेन स्विच पाडणे ही खरी मदत, आणि ११ केव्हीची, म्हणजे उच्च दाबाची, तार असेल तर सुकी काठीसुद्धा भरवशाची नाही, महावितरणला १९१२ वर फोन करून पुरवठा बंद होईपर्यंत लांब राहणे हेच शहाणपण. उडी मारणाऱ्याचेच फोटो छापून येत राहिले, तर पुढच्या वेळी न पोहणारा पोरगाही उडी मारेल.

आणि ज्यांच्या जिवाला धोका नव्हता, पण ज्यांच्या सावधपणाने माणसे वाचली, त्यांचे काय? ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गाव डोंगराखाली गेल्याचे एसटीच्या चालकाच्या लक्षात आले आणि त्याने खबर पोहोचवली, म्हणून मदत निघाली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला, तेव्हा जवळच गॅरेज चालवणाऱ्या माणसाने रस्त्यावर येऊन पुढची वाहने अडवली. ती थांबली नसती तर आणखी किती गाड्या नदीत गेल्या असत्या, याचा हिशेब कोणाकडेच नाही. २२ ऑगस्ट २०१८ ला परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली, तेव्हा दहा वर्षांच्या मुलीने शेजाऱ्यांना ओले सुती कापड नाकाला धरायला लावले. तिला बालशौर्य पुरस्कार मिळाला, कारण मुलांच्या पुरस्कारात प्रसंगावधानालाही मान आहे. मोठ्यांसाठी मात्र असा रकाना नाही. तो जिल्हा परिषदेने किंवा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सुरू केला तर फार मोठी तरतूद लागणार नाही.

रस्ते अपघातांत मात्र सरकारने नियम बराच सोपा केला आहे, आणि तरीही त्याचा उपयोग कमी होतो. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, थांबवून ठेवता येत नाही, उपचाराचे पैसे मागता येत नाहीत. साक्षीदार व्हायचे की नाही, हे तोच ठरवतो. २०२१ पासून अशा माणसाला पाच हजारांचे बक्षीस होते, २०२५ मध्ये ‘राहवीर’ या नावाने ते पंचवीस हजार झाले. दुखापतीनंतरच्या पहिल्या तासात गंभीर जखमीला रुग्णालयात पोहोचवणे ही मुख्य अट. गंभीर म्हणजे मोठी शस्त्रक्रिया, किमान तीन दिवस दाखल राहणे, मेंदूची किंवा मणक्याची इजा, किंवा उपचारादरम्यान मृत्यू. एका जखमीला दोघांनी मिळून नेले तर रक्कम वाटली जाते. एका माणसाला वर्षात जास्तीत जास्त पाच वेळा मिळू शकते.

अडते कुठे? माणूस जखमीला स्ट्रेचरवर ठेवतो आणि निघून जातो. तसे जायचा त्याला पूर्ण हक्क आहे, पण मग बक्षिसाचा कागद होत नाही. त्याने थांबायचे ठरवले तर पोलिसांकडून पोच घ्यायची. त्यांच्या अधिकृत पत्रावर नाव, पत्ता, फोन, अपघाताची जागा, तारीख, वेळ आणि काय मदत केली हे लिहून मिळाले पाहिजे. थेट दवाखान्यात नेले असेल तर दवाखान्याने पोलिसांना कळवायचे असते. अपघात विभागाच्या रजिस्टरमध्ये जखमीला आणणाऱ्याचे नाव आणि आणल्याची वेळ लिहिली आहे ना, हे तिथेच पाहून घ्यावे. ‘अनोळखी इसमाने आणले’ अशी नोंद पडली की पुढे काहीच सिद्ध होत नाही. पोचीची प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जाते, समितीत पोलीस, आरोग्य आणि परिवहनचे अधिकारी असतात, मंजुरीनंतर पैसे थेट खात्यात येतात. नाव दिले की कोर्टाच्या खेपा मागे लागतील, ही भीती लोकांच्या मनातून जात नाही. या योजनेसाठी दिलेली माहिती बक्षिसापलीकडे कशासाठीही वापरायची नाही, असे योजनेतच लिहिले आहे. योजनेची सध्याची मुदत आणि नमुना परिवहन कार्यालयात विचारून घ्यावा.

मुलांच्या बाबतीत एकच सांगतो. प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कारात शौर्याचा गट आहे, वय पाच ते अठरा, अर्ज ऑनलाइन, मुदत बहुधा जुलैअखेर. मुलाचा जबाब त्याच्या शब्दांत, आई-वडील जवळ असताना, एकदाच लिहून घ्यावा. दहा चॅनेलवाल्यांना दहा वेळा सांगता सांगता गोष्ट फुगते, आणि तो दोष मुलाच्या माथी येतो.

एका क्षणाच्या धाडसाशिवाय वर्षानुवर्षे चाललेली सेवा हा वेगळा प्रांत. तिथे कागद साचलेले असतात, अडचण असते ती विशेषणांची. पद्म पुरस्कारासाठी कोणीही कोणाचे नाव सुचवू शकते, परिचय ८०० शब्दांच्या आत हवा. त्यातले सहाशे शब्द ‘समाजभूषण’, ‘निःस्वार्थी’, ‘दीनांचा कैवारी’ यांत आणि आधी मिळालेल्या पुरस्कारांत गेले, तर काम सांगायला जागा उरत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. त्यांचे काम एका वाक्यात सांगता येते, गावरान वाणांचे बी त्यांनी राखले आणि शेतकऱ्यांना दिले. परिचयात कोणत्या वर्षापासून, कुठे, कोणासाठी, नेमके काय आणि आजही चालू आहे का, एवढे आले की पुरे. आमदारांच्या शिफारसपत्राने वजन वाढते हा गैरसमज आहे. पद्म मरणोत्तर फार क्वचित मिळते, तेव्हा माणूस ऐंशीचा होईपर्यंत वाट पाहू नये. गावपातळीवर २०२३ पासून ३१ मे रोजी प्रत्येक ग्रामपंचायतीत दोन महिलांचा पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने सन्मान होतो. रक्कम पाचशे रुपये, पण निवड चोख झाली तर तीच पुढच्या मोठ्या प्रस्तावाची पहिली नोंद ठरू शकते. बऱ्याच ठिकाणी ती दोन नावे आळीपाळीने वाटली जातात, हे सर्वांना ठाऊक आहे.

आता आपल्याकडे मागणे. प्रस्तावाला जोडलेल्या कागदांत आपल्या दैनिकाचे कात्रण असतेच असते, आणि बहुतेक कात्रणे निरुपयोगी निघतात. ‘जिवाची पर्वा न करता’, ‘देवदूत बनून’, ‘सर्वत्र कौतुकाचा वर्षाव’ यांनी तीन परिच्छेद भरतात, आणि किती वाजता, पाणी किती फूट, दोर होता का, वाचवणाऱ्याला लागले का, पाहणारे कोण होते, यातले काही नसते. एका बातमीत आडनाव चुकते, दुसऱ्यात वय, आणि पुढे आधारशी जुळत नाही म्हणून त्रुटी निघते. जिल्हा प्रतिनिधींना एवढेच सांगावे की अशा बातमीत वेळ, जागा, मोजमाप, पूर्ण नाव आणि दोन साक्षीदार आलेच पाहिजेत, मग विशेषणे नसली तरी चालतील. वाचलेल्या किंवा वाचवणाऱ्या बाईचे नाव द्यायचे नसेल तर बातमीत देऊ नका, पण नोंदवहीत ठेवा, म्हणजे मागायला येणाऱ्याला तिच्या परवानगीने देता येईल. आणि जून ते सप्टेंबर या काळात आठवड्यातून एकदा जिल्हा पानावर एक चौकट द्या. गेल्या आठवड्यात कोणी कोणाला वाचवले, पोलीस ठाण्यात नोंद झाली का, प्रस्ताव कोणाकडे आहे. तिसऱ्या प्रश्नापुढे महिनाभर ‘कोणाकडेही नाही’ असे छापून येत राहिले, तर तहसील कचेरीतून आपणहून फोन येईल, एवढा अंदाज मी या खात्यातल्या अनुभवावर देऊ शकतो.

कळावे,
आपला,
महसूल खात्यातला एक निवृत्त अव्वल कारकून, मिरज